बिननदीच्या शहराच्या होड्या : बंगळूर ते कावेरी

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दोन नदीखोऱ्यांना विभागणाऱ्या माथ्यावर वसले आहे. शहराच्या पश्चिम भागात पडलेला पाऊस वृषभावतीवाटे अर्कावतीला आणि तिच्यामार्फत कावेरीला मिळतो. पूर्व आणि उत्तर भागांतले पाणी कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या खोलगट भागांतून वाहत दक्षिण पिनाकिनीत उतरते. अर्कावती आणि दक्षिण पिनाकिनी या दोन्ही नद्या शहराच्या उत्तरेला नंदी डोंगराच्या परिसरात उगम पावतात. उगमाजवळ नदी म्हणजे ओढाच. त्यामुळे पुण्याला मुळा-मुठा, नाशिकला गोदावरी किंवा सांगलीला कृष्णा लाभली, तशी होडी घालण्याजोगी नदी बंगळूरला कधीच नव्हती.

म्हणून या शहरातील नौकानयनाचा इतिहास हा मुळात पाणी अडवण्याचा आणि अडवलेले पाणी राखण्याचा किंवा गमावण्याचा इतिहास आहे. शहराची होडी आधी तलावावर तरंगली, मग अर्कावतीवरच्या धरणांपर्यंत गेली आणि शेवटी शंभर किलोमीटर दूर कावेरीवर पोहोचली. सुट्टीच्या दिवशी गाडीच्या टपावर कयाक बांधून पहाटे शहराबाहेर पडणारे हौशी लोक आज ज्या जागा निवडतात, त्या जागा या जुन्या घडामोडींनीच ठरवून दिल्या आहेत.

तलावांची साखळी

केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळूरची पेठ आणि मातीचा कोट उभारला. नदी नसलेल्या जागी वस्ती टिकवायची तर पाण्याची सोय आधी करावी लागते. केंपेगौडा घराण्याच्या काळात धर्मांबुधी, केंपांबुधी, संपंगी असे तलाव बांधले गेले आणि जुन्या तळ्यांची डागडुजी झाली. तलाव एकेकटे नव्हते. उतारावर एकाखाली एक अशी त्यांची साखळी होती. वरचा तलाव भरला की जादा पाणी ‘कोडी’वरून, म्हणजे सांडव्यावरून, बाहेर पडे आणि ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या नाल्यातून खालच्या तलावात जाई. शेतीला पाणी सोडण्यासाठी बांधाच्या पोटात ‘तूबु’, म्हणजे मोरी, असे. ती केव्हा आणि किती उघडायची हे पाहणारा गावाचा पाणक्या ‘नीरगंटी’ म्हणून ओळखला जाई.

या तलावांवर होडीला दुय्यम जागा होती. पाणी उथळ असे, उन्हाळ्यात आटे आणि उघड्या पडलेल्या गाळावर पिके घेतली जात. मासेमारीसाठी लाकडाचे किंवा बांबूचे तराफे वापरात होते. देवळांच्या पुष्करिणींमध्ये सजवलेल्या तराफ्यावर देवाची मूर्ती फिरवण्याची ‘तेप्पोत्सव’ ही प्रथा दक्षिणेत सर्वत्र आहे. बंगळूर आणि म्हैसूर परिसरातल्या लोकांना पाण्यावरचा उत्सव म्हटला की आजही तीच आधी आठवते. संपंगी तलावाचा शहराच्या करग उत्सवाशी असलेला संबंध इतका घट्ट की तलाव गेल्यावरही त्या विधीसाठी त्याचा एक लहान तुकडा राखून ठेवावा लागला.

या पाण्याच्या इतिहासात मराठी राजवटीचा एक टप्पा आहे. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने तिसऱ्या केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि मोहिमेत सामील असलेल्या शहाजीराजे भोसले यांना ते जहागीर म्हणून मिळाले. शहाजीराजांचा दरबार येथे भरला. जयराम पिंड्ये यांचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ त्याच दरबारातला. शहाजीराजांनंतर त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे हा मुलूख आला. १६६९ च्या शिलालेखात एकोजींनी मल्लपुरातल्या देवस्थानाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. हे देवस्थान म्हणजे आजच्या मल्लेश्वरम भागातले काडु मल्लेश्वराचे मंदिर. मंदिरासमोर १९९७ मध्ये खोदकाम करताना जमिनीखाली गाडली गेलेली एक पुष्करिणी सापडली. तिथे दगडी नंदीच्या मुखातून पाण्याची धार शिवलिंगावर पडते. वृषभावतीचा एक उगम या परिसरात आणि दुसरा बसवनगुडीच्या नंदी मंदिराजवळ मानला जातो. १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांनी ते तीन लाख रुपयांना मिळवले. भोसल्यांची बंगळूरवरची सत्ता तिथे संपली, पण त्यांच्या इनामाचा लेख आणि त्याजवळचा झरा शहरात अजून आहेत.

हरिगोल

खरी नौकाविद्या शहराबाहेर, मोठ्या नद्यांवर होती. कावेरी, कबिनी आणि तुंगभद्रा या नद्यांचे पात्र खडकाळ आहे. जागोजागी बेटे, उथळ धावत्या धारा आणि मधूनच खोल डोह. लांब तळाची होडी अशा पात्रात दगडावर आदळून फुटते. तिथल्या नावाड्यांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे ‘हरिगोल’, परातीसारखी गोल आणि सपाट तळाची होडी. तमिळ मुलखात तिलाच ‘परिसल’ म्हणतात.

हरिगोल बांधायला लोखंड लागत नाही आणि सुताराचीही गरज पडत नाही. हिरव्या बांबूच्या चिपा काढून जमिनीवर त्यांची जाळी विणतात. मधला भाग दाट आणि दुहेरी विणतात, कारण माणसांचे वजन आणि दगडाचा घासा तिथेच बसतो. मग चिपांची टोके वर वाकवून काठ उभा करतात आणि बांबूच्या जाड कड्याने तो बांधून घेतात. पूर्वी या टोपलीवर म्हशीचे किंवा बैलाचे कातडे शिवून चढवत. कातडे पाण्यात फार काळ राहिले तर कुजते, म्हणून खेप संपली की होडी काठावर उपडी घालून वाळवायची हा नियम होता. आता कातड्याच्या जागी प्लास्टिकचा कागद किंवा खताच्या पोत्यांचे कापड आले असून त्यावर डांबराचा लेप देतात. होडी इतकी हलकी असते की प्रवाहाबरोबर खाली गेलेला नावाडी ती डोक्यावर पालथी घेऊन काठाकाठाने परत वर येतो.

तिला पुढची नाळ नाही आणि पिछाडीही नाही, त्यामुळे ती स्वतःभोवती फिरत राहते. नावाडी पुढच्या काठाशी बसतो आणि एकाच वल्ह्याने समोरचे पाणी आळीपाळीने दोन्ही अंगांनी आपल्याकडे ओढतो. होडी ढकलली जात नाही, ओढली जाते.  पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाएस याने सोळाव्या शतकात विजयनगरजवळच्या नदीवर अशा होड्या पाहिल्या होत्या. आतून वेत, बाहेरून कातडे, पंधरा-वीस माणसे बसतील एवढा आकार आणि सतत गरगर फिरण्याची खोड, असे त्याचे वर्णन आहे. पाचशे वर्षांत वरचे आवरण बदलले, बांधणी आणि वल्हवण्याची रीत तीच राहिली.

हा व्यवसाय करणाऱ्या समाजाला कन्नडमध्ये अंबिग, बेस्त, गंगामतस्थ अशी नावे आहेत. बाराव्या शतकातले अंबिगर चौडय्या हे शरण, म्हणजे शिवभक्त संत, नावाडी होते आणि बसवण्णांच्या काळातल्या वचनकारांमध्ये त्यांची गणना होते. नदी ओलांडून देणाऱ्या माणसाला समाजात किती जवळचे स्थान होते, हे त्यावरून समजते.

लष्करालाही ही होडी टाळता आली नाही. टिपू सुलतानाविरुद्धच्या तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणजवळ पोहोचला, तेव्हा कावेरी चढली होती. नदी ओलांडता येईना, रसद संपली आणि त्याला मोठ्या तोफा नष्ट करून माघार घ्यावी लागली. माघारीच्या वाटेवर मेलुकोटेजवळ हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी सैन्य त्याला येऊन मिळाले आणि उपाशी इंग्रजी फौजेला धान्य मिळाले. पुढे १८०३ मध्ये मराठ्यांवर चालून जाताना इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने पावसाळ्याआधीच नद्यांवर टोपलीहोड्या तयार करवून ठेवल्या. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात सैन्याला अडवतात हे ओळखून त्याने आखलेल्या मोहिमेत कर्नाटकातल्या नावाड्यांच्या विद्येचा मोठा आधार होता.

छावणी आणि हलसूर

टिपूचे श्रीरंगपट्टण अखेर पडल्यानंतर इंग्रजी फौज तिथेच राहिली, पण हिवतापाने तिचे हाल झाले. १८०९ मध्ये छावणी बंगळूरला हलवण्यात आली आणि हलसूर तलावाच्या काठी नवे शहर वाढू लागले. मद्रास सॅपर्स, म्हणजे आजचा मद्रास इंजिनिअर ग्रुप, याच भागात स्थिरावले. नदीवर तात्पुरते पूल बांधणे, तराफे जोडणे आणि माणसे पलीकडे नेणे हे सॅपर्सचे काम. नदी नसलेल्या शहरात त्या सरावाला हलसूरचे पाणी उपयोगी पडले. एकोणिसाव्या शतकात कमिशनर ल्युइन बाउरिंग यांच्या काळात तलावाला सध्याचे रूप आले. सुमारे ५० हेक्टरांचा हा तलाव आणि त्यातली लहान बेटे शहरवासीयांच्या पहिल्या होडीसहलीचे ठिकाण झाले. पुढे राज्य पर्यटन महामंडळाचा बोट क्लबही तिथेच आला.

१८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने तलावांच्या साखळीची मर्यादा उघडी पाडली. त्यानंतर १८८२ मध्ये अभियंता रिचर्ड सँकी यांच्या योजनेनुसार शहराच्या उत्तरेला नवा तलाव बांधण्यात आला. सँकी टँक हे त्याचे नाव आजही कायम आहे.

या काळात पुण्याची वाट वेगळी होती. मुळा-मुठेच्या काठी १८६८ मध्ये रॉयल कनॉट बोट क्लब निघाला आणि १९२८ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाने स्वतःचा बोट क्लब सुरू केला. त्याचा वार्षिक ‘रेगाटा’ पुणेकरांच्या परिचयाचा आहे. दारातल्या नदीवर महाविद्यालयीन मुले वल्हे मारायला शिकली. बंगळूरला तशी सोय नव्हती, आणि जे साठवलेले पाणी होते तेही पुढच्या शतकात आक्रसत गेले.

अर्कावतीचे पाणी

तलाव पुरेनात तेव्हा शहराने अर्कावतीकडे पाहिले. शहराच्या वायव्येला हेसरघट्टा येथे अर्कावतीवर जलाशय बांधून १८९० च्या दशकात नळाने पाणी आणण्यात आले. तेही अपुरे पडल्यावर नदीच्या खालच्या अंगाला, कुमुद्वती जिथे तिला मिळते तिथे, तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले. चामराजसागर नावाने ते १९३३ मध्ये पूर्ण झाले. या पाणीयोजनांच्या काळात म्हैसूर संस्थानच्या अभियांत्रिकीवर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची छाप होती. ते पुण्याच्या महाविद्यालयात शिकलेले. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात असताना खडकवासला धरणावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते आणि पुढे कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणातही तशी यंत्रणा वापरली. १९११ मध्ये सुरू झालेले हे धरण १९३० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाले.

या धरणांनी होडीसाठी दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे वर्षभर टिकणारे, खोल, संथ पाणी शहराच्या जवळ प्रथमच तयार झाले. दुसरे म्हणजे धरणाखालची नदी आता पावसाबरोबर दरवाज्यांच्या वेळापत्रकावरही चालू लागली. अर्कावतीचे पुढचे दुर्दैव सर्वांना ठाऊक आहे. पाणलोटात विहिरी आणि कूपनलिका वाढल्या, निलगिरीच्या लागवडी झाल्या, ओढ्यांवर बांधकामे उभी राहिली. हेसरघट्टा बहुतेक वर्षे कोरडाच राहू लागला. २००३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीच्या पाणलोटात बांधकामांवर निर्बंध घालावे लागले. तरीही या धरणाखाली, सावनदुर्गाच्या डोंगराजवळ असलेला मंचनबेले जलाशय शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर पाणी धरून आहे. शहराच्या पश्चिम भागाचे सांडपाणी आणणारी वृषभावती अर्कावतीला त्याच्या बऱ्याच खाली मिळते. जलाशयाचे पाणी शहरी मैल्यापासून वाचले ते या भूगोलामुळे. बंगळूरच्या कयाकचालकांचे जवळचे पाणी म्हणून मंचनबेलेचे नाव घेतले जाते त्याचे कारणही हेच.

तलावांचा ऱ्हास

नळाचे पाणी आले आणि तलावांची गरज संपली असे शहराने मानले. धर्मांबुधीच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक उभे राहिले. संपंगी तलाव बुजवून तिथे कंठीरव क्रीडांगण झाले. चल्लघट्ट तलावाचे गोल्फ मैदान झाले, तर कोरमंगलच्या तळ्यावर राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी वसाहत उभी राहिली. १९८० च्या दशकात लक्ष्मण राव समितीने उरलेले तलाव राखण्याच्या शिफारशी केल्या. २००२ मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि काही तलाव खासगी कंपन्यांना देऊन तिथे बोटिंग आणि करमणुकीची केंद्रे चालवण्याचे धोरण आले. काठावरच्या लोकांना तलाव बंद होतील अशी भीती वाटली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने तलावांच्या रक्षणासाठी विस्तृत आदेश दिले.

त्याच काळात पूर्वेकडचा सर्वांत मोठा तलाव, बेळ्ळंदूर, सांडपाण्याने भरून गेला. साबणयुक्त मैला सांडव्यावरून कोसळताना पांढऱ्या फेसाचे डोंगर रस्त्यावर येऊ लागले. २०१५ आणि २०१८ च्या दरम्यान या तलावाला आग लागल्याच्या घटना घडल्या. पाणी पेटल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. जवळच्या पाण्यावर वल्हे मारण्याची शक्यता तिथे संपली.

कावेरीचा काठ

त्याआधीच शहर कावेरीवर येऊन ठेपले होते. १९०२ मध्ये शिवनसमुद्रम येथे गगनचुक्की धबधब्याजवळ वीजकेंद्र सुरू झाले. तिथली वीज आधी कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९०५ मध्ये बंगळूरला मिळाली. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी प्रथम शहरात आले. सुमारे १०० किलोमीटर अंतर आणि जवळपास ५०० मीटर चढ, एवढे ते पंपांनी उचलून आणावे लागते. टप्प्याटप्प्याने ही योजना वाढत गेली आणि पाचवा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला.

शिवनसमुद्रमच्या खाली शिंषा नदी कावेरीला मिळते आणि मग नदी भीमेश्वरी, मुत्तत्ती, गालिबोरे या जंगलभागांतून वाहत संगमाला जाते. तिथे तिला अर्कावती मिळते. पुढे मेकेदाटूला कावेरी अरुंद दगडी घळईत शिरते. शिंषा ते संगम या पट्ट्याची कीर्ती आधी मासेमारांनी जगभर नेली. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकाने महाशीर मासा गळाने पकडणे हा छंद म्हणून रुजवला. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एका शिकाऱ्याने कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोचा, महाशीर पकडला. हा विक्रम आजही सांगितला जातो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तीन इंग्रज मासेमारांनी कावेरीत मोठे महाशीर अजून आहेत हे दाखवून दिले आणि या नदीकडे पुन्हा लक्ष वळले.

बंगळूरची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली होती. तिने नदीचा एक पट्टा संरक्षणासाठी घेतला. १९८० मध्ये राज्य सरकारची जंगल लॉजेस ही कंपनी निघाली आणि भीमेश्वरीला मासेमारी छावणी झाली. नदीत सुरुंग टाकून मासे मारणाऱ्या स्थानिक लोकांनाच पहारेकरी आणि वाटाडे म्हणून कामावर घेण्यात आले. त्यांचे हरिगोल पाहुण्यांना डोहापर्यंत नेत आणि पकडलेला मासा वजन करून परत सोडला जाई. १९८७ मध्ये हा परिसर कावेरी वन्यजीव अभयारण्य झाला. वन्यजीव कायद्याच्या अर्थावरून वाद होऊन २०१० नंतरच्या वर्षांत अभयारण्यातील गळाची मासेमारी बंद झाली. कावेरीतला मोठा महाशीर ‘टॉर रेमादेवी’ या नावाने शास्त्रीयदृष्ट्या ओळखला गेला तो २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेला. मासेमारी थांबल्यावर छावण्यांनी पाहुण्यांसाठी हरिगोलाच्या फेऱ्या, तराफे आणि कयाक यांच्यावर भर दिला.

कयाकचे आगमन

कयाक ही उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचे ताणलेले कातडे, आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. सांगाड्यावर कातडे चढवण्याचे तत्त्व हरिगोलाचेच आहे, फक्त आकार लांबट आहे. शिकारीला वेग हवा होता, नदी ओलांडायला स्थैर्य. १८६५ मध्ये स्कॉटिश वंशाचे जॉन मॅकग्रेगर यांनी ‘रॉब रॉय’ नावाच्या लाकडी होडीतून युरोपच्या नद्यांवर प्रवास केला आणि या प्रकाराला छंदाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून कनू आणि कयाक यांच्या शर्यती पदकांसाठी होऊ लागल्या. १९७० च्या दशकात साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या होड्या आल्या. दगडावर आपटूनही त्या फुटत नसल्यामुळे खडकाळ नद्या कयाकसाठी खुल्या झाल्या.

भारतात हा खेळ आधी सेनादले आणि क्रीडासंस्था यांच्यामार्फत वाढला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत भारताला दोघांच्या कनू शर्यतीत कांस्यपदक मिळाले, दुसरे पदक थेट २०२३ मध्ये हांगझोऊला आले. छंद म्हणून कयाक रुजली ती मात्र २००० नंतर, आणि त्यात बंगळूरच्या तरुण नोकरदारांचा वाटा मोठा होता. केरळात कोळिकोडजवळ २०१३ पासून भरणाऱ्या मलबार रिव्हर फेस्टिव्हलने दक्षिणेतल्या पांढऱ्या पाण्याला, म्हणजे खळाळत्या धारांना, देशात ओळख दिली.

पाण्याची निवड

बंगळूरहून निघणाऱ्यांसाठी आज पाण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला जलाशयाचा : मंचनबेलेसारखे जवळचे पाणी, शिकाऊ लोकांसाठी योग्य. मात्र बुडण्याच्या घटनांमुळे तिथे पोहण्यावर बंदी आहे आणि जाकिटाशिवाय उतरणे धोक्याचे आहे. दुसरा कावेरीच्या मधल्या पट्ट्याचा, भीमेश्वरी ते गालिबोरे. इथे संथ डोह आणि हलक्या धारा आलटून पालटून येतात. अभयारण्य असल्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. मगरी आणि पाणमांजरे दोन्ही इथे आहेत, म्हणून अंधार पडण्याआधी काठावर येण्याचा नियम पाळावा लागतो. तिसरा प्रकार सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा : कोडगूतली बारपोळे, हेब्रीजवळची सीता आणि दांडेलीजवळची काळी. शरावतीवरच्या लिंगनमक्की धरणाच्या फुगवट्यात, होन्नेमरडूला, पुन्हा संथ आणि अथांग पाणी मिळते.

काळीचे पाणी सूपा धरणावरच्या वीजनिर्मितीनुसार सुटते. रायगडमध्ये कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालते तेही भिरा येथील वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. दोन्ही ठिकाणी पाण्याची वेळ वीजकेंद्र ठरवते, म्हणून सहल आखण्याआधी विसर्गाची चौकशी करावी लागते. भीमेश्वरीलाही कृष्णराजसागर आणि कबिनीचे विसर्ग नदीची पातळी ठरवतात. जून ते सप्टेंबरमध्ये कोडगूत जोराचा पाऊस झाला की वरची धरणे भरतात आणि आकाश निरभ्र असतानाही खाली नदी अचानक चढू शकते. संगमाच्या पुढे मेकेदाटूची घळई कोणत्याही ऋतूत होडीसाठी नाही. वरून अरुंद दिसणारा तो प्रवाह खाली दगडांच्या पोकळ्यांत खेचतो, आणि तिथे अनेकांचे जीव गेले आहेत.

खाली मेकेदाटूला ६७ टीएमसीचे धरण बांधण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे. बंगळूरचे पिण्याचे पाणी हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते आणि तमिळनाडूचा त्याला विरोध आहे. धरण झाले तर अभयारण्याचा मोठा भाग आणि कावेरीचा हा वाहता पट्टा फुगवट्याखाली जाईल.

संगमापाशी शहराचे सगळे पाणीशास्त्र एका जागी येते. कावेरीचे पाणी उचलून बंगळूरला नेले जाते. त्याचा मोठा वाटा मैला होऊन वृषभावतीत उतरतो, वृषभावती अर्कावतीला मिळते आणि अर्कावती संगमाला तेच पाणी कावेरीला परत देते. म्हणून अनुभवी कयाकचालक संगमाच्या वर उतरतात. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी शहराने एकाखाली एक तलाव बांधले ते वरच्याचे सांडलेले पाणी खालच्याच्या उपयोगी पडावे म्हणून. आज वरून येते ते सांडपाणी, आणि त्याने शहराचे होडीसाठीचे जवळचे पाणी चाळीस किलोमीटर दूर ढकलले आहे. वृषभावतीचे पाणी पूर्ण शुद्ध करून सोडणे आणि उरलेल्या तलावांच्या राजकालुव्यांत मैला शिरू न देणे ही कामे झाली, तर बंगळूरच्या मुलांना वल्हे धरायला कावेरीपर्यंत जावे लागणार नाही. महानगरपालिकेने, जलमंडळाने आणि होडीची हौस असलेल्या प्रत्येक नागरिकाने ही कामे प्रथम हाती घ्यायला हवीत.